आधी हात, मग शब्द

(युवक-युवतींच्या अभ्यास शिबिरात झालेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



काल रात्री जेवताना तुमच्यातल्या एकानं मला विचारलं, "मॅडम, उद्याचा तुमचा विषय आपला कसा? तो तर ख्रिश्चनांचा." प्रश्न बरोबर आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करते. कुरआनात ईसा अलैहिस्सलाम यांचं नाव पंचवीस वेळा येतं. कुरआनात नावानिशी येणारी स्त्री एकच, ती म्हणजे त्यांची आई, आणि तिच्या नावाची अख्खी सूरह आहे. इंजीलमध्ये मार्गदर्शन आणि प्रकाश आहे असं सूरह माइदा सांगते. मग आपल्यातल्या किती जणांनी ती उघडून पाहिली आहे? हात वर करू नका, मला अंदाज आहे. माझ्याही हातात ती पहिल्यांदा आली तेव्हा मी तिशीत होते.

लगेच दुसरा प्रश्न येतो : ते पुस्तक तर बदललेलं आहे ना? हा वाद जुना आहे आणि आपल्याच लोकांनी तो नीट घातलेला आहे. सर सय्यद अहमद खान यांनी १८६२ साली बायबलवर भाष्य लिहायला घेतलं, ‘तबीनुल कलाम’. एका मुसलमानानं बायबलवर भाष्य करावं ही त्या काळात मोठी गोष्ट. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की फेरफार झाला तो मुख्यतः अर्थ लावण्यात, शब्द सगळे पुसून नवे घातले असं नाही. तुम्हाला हे पटलं पाहिजे असं नाही. पण ‘बदललेलं आहे’ म्हणून न वाचणं आणि वाचून मग मतभेद सांगणं, यात फरक आहे. आणि मतभेद आहेतच. योहानाच्या शुभवर्तमानात हे चमत्कार येशू देवाचा पुत्र असल्याची खूण म्हणून येतात, आपण ते मानत नाही. क्रुसाच्या बाबतीतही आपलं म्हणणं वेगळं आहे. वसईच्या किंवा मिरजेच्या आपल्या ख्रिस्ती मित्राशी बोलताना हे लपवायचं कारण नाही, त्यालाही ते माहीत असतं.

शब्दापासून सुरू करू. आपण म्हणतो मोजिजा. म्हणजे समोरच्याला हतबल करणारी गोष्ट. हा शब्द नंतरच्या आलिमांचा. कुरआन या अर्थानं तो वापरत नाही, कुरआनचा शब्द आहे आयत. खूण, निशाणी. आणि ज्याला आपण कुरआनची ओळ म्हणतो तीही आयतच. गंमत म्हणजे योहानसुद्धा ‘चमत्कार’ म्हणत नाही, त्याचा ग्रीक शब्दही ‘खूण’ असाच आहे. खुणेचं काय करायचं असतं? रस्त्यावर मिरजेकडे बाण दाखवणारी पाटी असेल, तर आपण पाटीखाली उभं राहून तिचा रंग बघत बसत नाही, मिरजेला जातो. आपल्याकडे चमत्कारांचे बयान बहुतेक पाटीच्या रंगावर होतात.

आता मी तुम्हाला माझ्या खालाची गोष्ट सांगणार आहे. नाव सांगत नाही, तिला ते आवडणार नाही.

आम्ही मिरजेचे. घरात दखनी, बाहेर मराठी. खाला सतरा वर्षांची असताना तिच्या बोटांवर आणि ओठांच्या कडेला पांढरे डाग आले. कोड. शरीरातला रंग तयार करणाऱ्या पेशी नाहीशा होतात, बस एवढंच. हा संसर्गजन्य नाही, दुखत नाही, यानं कोणी मरत नाही. आमच्या गावात डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ साली सुरू केलेलं मिशन हॉस्पिटल आहे. तिथल्या डॉक्टरांनी नानीला हेच सांगितलं. नानीनं ऐकलं, आणि घरी येऊन विचार करत बसली की पोटुशी असताना आपण दुधावर मासे खाल्ले होते का. शेजारची म्हणाली, घरावर कुणाची तरी बददुवा आहे. एक आमिल आला. त्यानं करणी सांगितली, पाणी दम करून दिलं आणि नानीच्या दोन बांगड्या गेल्या. मग स्थळं. एका स्थळाच्या बायका आल्या, खालानं चहाचा ट्रे पुढे केला, आणि मुलाच्या आईनं कप उचललाच नाही. खाला ट्रे धरून उभी. माझी अम्मी तेव्हा बारा वर्षांची होती, तिनं हे दारातून पाहिलं. किती वेळ ट्रे धरला होता ते अम्मी अजून सांगते. दर वेळी तो वेळ वाढतो.

हे डोक्यात ठेवा आणि आता मार्कचा पहिला अध्याय घ्या.

एक माणूस येशूकडे येतो. त्याला त्वचेचा रोग आहे. मराठी भाषांतरात ‘कुष्ठरोगी’ असा शब्द दिसेल, पण मूळ शब्दाचा आवाका मोठा आहे. तौरातमध्ये, लेवीय पुस्तकाच्या तेराव्या-चौदाव्या अध्यायात या रोगाचे नियम आहेत, आणि तिथं हाच शब्द कपड्यावरच्या आणि घराच्या भिंतीवरच्या डागांनाही लावला आहे. म्हणजे आज ज्याला डॉक्टर कुष्ठरोग म्हणतात, ज्याचा जंतू नॉर्वेच्या हॅन्सननं १८७३ साली शोधला, फक्त तेवढाच तो नाही. चट्टे, खवले, पांढरे डाग, सगळं त्यात येतं. कुरआनात ईसांनी ज्याला बरं केलं त्याच्यासाठी शब्द आहे ‘अब्रस’. अरबीत ‘बरस’ म्हणजे पांढरे डाग, आणि कुष्ठरोगाला वेगळा शब्द आहे, ‘जुजाम’. उर्दूत आणि हिंदीत ‘कोढी’ लिहिलं की आपण बोटं झडलेला माणूस डोळ्यांपुढे आणतो. अरबी शब्दात माझी खाला आहे.

तौरातचा नियम असा की अशा माणसानं फाटके कपडे घालायचे, तोंड झाकायचं, ‘अशुद्ध, अशुद्ध’ असं ओरडत चालायचं आणि वस्तीबाहेर एकटं राहायचं. म्हणजे त्याचा आजार त्यानं स्वतःच जाहीर करायचा. तर असा माणूस वस्तीतल्या माणसाजवळ येतो, गुडघे टेकतो आणि म्हणतो की तुमच्या मनात असेल तर तुम्ही मला शुद्ध करू शकता. बघा, तो शक्तीबद्दल शंका घेत नाही. त्याला शंका आहे ती मनाची. त्याला वर्षानुवर्षं आलेला अनुभव तोच असणार. बरं करण्याची ताकद लोकांत असेल नसेल, इच्छा नाही.

पुढे जे होतं त्याचा क्रम बघा. येशूला कळवळा येतो. (काही जुन्या हस्तलिखितांत इथं ‘राग आला’ असं आहे, आणि मला तेही पटतं.) मग ते हात पुढे करतात आणि त्याला स्पर्श करतात. मग म्हणतात, माझी इच्छा आहे, शुद्ध हो. आणि मग रोग जातो.

मी ही गोष्ट खालाला वाचून दाखवली होती. ती शिवणकाम करते, मशीन थांबवलं नाही तिनं. ऐकून झाल्यावर एकच विचारलं : "हात आधी लावला की बरा झाल्यावर?"

मी परत वाचलं. आधी. डाग असतानाच.

मी एम.ए. झाले, तफसीर वाचल्या, भाष्यं वाचली, पण तोपर्यंत हा प्रश्न माझ्या डोक्यात आला नव्हता. बरं करायला स्पर्शाची गरज नव्हती, हे शुभवर्तमानांतच दिसतं. लूकमध्ये दहा कुष्ठरोगी लांब उभे राहून हाक मारतात, त्यांना येशू लांबूनच पाठवतात आणि ते वाटेत बरे होतात. रोमन शताधिपतीचा नोकर तर घरी असतो, येशू तिथं जातही नाहीत. मग इथं हात कशाला? तो औषधाचा भाग नव्हता. तो त्या माणसासाठी होता. ज्याला कित्येक वर्षांत कुणी हात लावला नाही त्याला.

गोष्ट इथं संपत नाही, आणि शेवट बहुतेक प्रवचनांत गळतो. येशू त्याला सांगतात, कुणाला बोलू नकोस, मूसाच्या कायद्याप्रमाणे याजकाला जाऊन दाखव. म्हणजे रीतसर दाखला घे आणि समाजात परत जा. तो माणूस ऐकत नाही, गावभर सांगत सुटतो. परिणाम काय होतो? येशूंना उघडपणे गावात जाता येईना, ते बाहेर ओसाड जागी राहू लागले. आधी कोण बाहेर होतं आणि आता कोण आहे, बघा. जागांची अदलाबदल झाली. मार्कनं हे एका वाक्यात सांगितलं आहे आणि पुढे गेला आहे.

आपल्या परंपरेत याबद्दल काय आहे? दोन्ही आहे. कुष्ठरोग्यापासून सिंहापासून पळावं तसं पळा, ही हदीस बुखारीत आहे. आणि रसूलुल्लाहनी कुष्ठरोग्याचा हात धरून आपल्याच ताटात घातला आणि अल्लाहवर भरोसा ठेवून खा म्हणाले, ही तिर्मिजी आणि अबू दाऊदमध्ये आहे. दुसरीच्या सनदेवर मुहद्दिसांनी आक्षेप घेतले आहेत, हेही सांगायला हवं. पण मला विचाराल तर गावात पहिली सगळ्यांना पाठ असते आणि दुसरी कुणाला माहीत नसते, याचं कारण सनद नाही.

कायद्याचंही बघा. आपल्या देशात १९३९ च्या मुस्लिम विवाह विच्छेद कायद्यात नवऱ्याला कुष्ठरोग असणं हे घटस्फोटाचं कारण होतं. हिंदू विवाह कायद्यात, ख्रिस्त्यांच्या घटस्फोट कायद्यात, विशेष विवाह कायद्यातही होतं. कुष्ठरोग औषधांनी पूर्ण बरा होतो हे १९८० च्या दशकापासून सरकारलाही माहीत होतं. तो शब्द पाच कायद्यांतून काढायला २०१९ उजाडलं. यावर मोर्चे निघाले नाहीत, कुणाच्या भावना दुखावल्या नाहीत. कदाचित म्हणूनच एवढा वेळ लागला.

आता मार्कचाच पाचवा अध्याय. बारा वर्षं रक्तस्राव असलेली बाई. सगळा पैसा वैद्यांवर गेला आणि आजार वाढला, असं मार्क स्पष्ट लिहितो. मूसाच्या कायद्यानं ती बारा वर्षं अशुद्ध, ती बसेल ती जागा अशुद्ध, तिला शिवेल तो संध्याकाळपर्यंत अशुद्ध. ती गर्दीत मागून येते आणि येशूच्या कपड्याला हात लावते. चोरून. बरी होते. इथंच संपलं असतं तर ही एक करामतीची गोष्ट झाली असती, आपल्याकडे दर्ग्याच्या चादरीच्या असतात तशी. पण येशू थांबतात आणि विचारतात, मला कुणी हात लावला? शिष्य वैतागतात, एवढ्या गर्दीत हा काय प्रश्न? ते वाट बघतात. बाई थरथरत पुढे येते आणि सगळं सांगते. ते तिला ‘मुली’ अशी हाक मारतात आणि म्हणतात की तुझ्या विश्वासानं तुला बरं केलं.

पूर्वी मला वाटायचं, का बरं तिला सगळ्यांसमोर बोलायला लावलं? लाज वाटली असेल बिचारीला. आता वाटतं, ती चोरून बरी होऊन गेली असती तर गावाच्या लेखी अशुद्धच राहिली असती. आणि येशू ‘मी आता बाटलो, आंघोळ करून येतो’ असं म्हणाले नाहीत. तसेच पुढे याईरच्या घरी गेले, त्याच्या मेलेल्या मुलीचा हात हातात धरला. प्रेताला शिवणंही अशुद्धच होतं. एकाच दिवसात दोनदा.

मुंबईत हाजी अलीच्या दर्ग्यात २०१२ च्या सुमारास बायकांना मजारपर्यंत जायला बंदी झाली. आधी बायका जात होत्या. वलीच्या कबरीजवळ बाईनं जाणं हा गुनाह आहे असं ट्रस्टचं म्हणणं होतं. भारतीय मुस्लिम महिला आंदोलनाच्या कार्यकर्त्या उच्च न्यायालयात गेल्या आणि २०१६ च्या ऑगस्टमध्ये निकाल त्यांच्या बाजूनं लागला. मजारला हात लावून काही मिळतं का, हा वाद वेगळा आहे आणि आपल्यात त्यावर चार मतं असतील. माझं स्वतःचं मत वहाबी म्हणावं इतकं कडक आहे. पण तिथं भावानं जायचं आणि बहिणीनं जाळीतून बघायचं, हे त्या मतात बसत नाही.

पुढे जाण्याआधी मातीच्या पाखरांबद्दल बोलायलाच हवं, नाहीतर तुम्ही प्रश्नोत्तरांत विचाराल. आलि इम्रानच्या ४९ व्या आयतीत आणि माइदाच्या ११० व्या आयतीत ईसा मातीचं पाखरू करतात, फुंकर मारतात आणि ते उडतं. ही गोष्ट चार शुभवर्तमानांत नाही. ख्रिस्ती परंपरेत ती आहे, पण ‘थॉमसचं बाळपणाचं शुभवर्तमान’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, चर्चनं अधिकृत न मानलेल्या पुस्तकात. तिथं पाच वर्षांचा येशू शब्बाथच्या दिवशी बारा चिमण्या बनवतो, मोठी माणसं रागावतात, तो टाळी वाजवतो आणि चिमण्या उडून जातात. आपल्या बहुतेक मुफस्सिरांनी हे अक्षरशः घेतलं. विसाव्या शतकात मुहम्मद असद यांनी रूपक म्हणून घेतलं, की मातीसारख्या पडून राहिलेल्या लोकांना ईसांनी उडण्याचं बळ दिलं. सर सय्यद यांचा मुद्दा होता, की निसर्ग अल्लाहचं काम आहे आणि कुरआन अल्लाहचा शब्द, दोघांत भांडण असणार नाही.

मी कुठे उभी आहे? प्रामाणिकपणे सांगते, पाखरांच्या बाबतीत मी ठरवलेलं नाही आणि ठरवायची मला घाई नाही. पण माइदाच्या त्या एका आयतीत ‘माझ्या परवानगीनं’ हे शब्द चार वेळा येतात, ते मला जास्त महत्त्वाचे वाटतात. ज्याच्या हातून एवढं घडलं त्यालाही चारदा आठवण की हे तुझं नाही. मग तीनशे रुपयांत तावीज देणाऱ्यानं कुणाच्या परवानगीनं दावा करायचा? महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला. डॉ. नरेंद्र दाभोलकर अनेक वर्षं त्यासाठी झगडले आणि त्याच वर्षी २० ऑगस्टला पुण्यात त्यांना गोळ्या घातल्या गेल्या. चमत्काराचा दावा करून लोकांना फसवणं, साप-कुत्रा चावलेल्याला डॉक्टरकडे जाऊ न देणं हे त्या कायद्यानं गुन्हे आहेत. कायदा सगळ्यांना लागू आहे, बाबाला आणि आमिलला सारखाच. नानीच्या बांगड्या गेल्या तेव्हा तो नव्हता.

आणि आलि इम्रानच्या त्याच आयतीचा शेवट कुणी वाचत नाही. आंधळे, अब्रस, मुर्दे झाल्यावर ईसा म्हणतात की तुम्ही काय खाता आणि घरात काय साठवून ठेवता तेही मी तुम्हाला सांगेन. मुर्दे उठवल्यानंतर ही खूण! मुफस्सिर म्हणतात गैबची गोष्ट सांगण्याची ताकद. असेल. पण अंगावर काटा येतो तो ‘साठवून ठेवता’ या शब्दानं. लोकांच्या कोठारात काय आहे हे माहीत असलेला पैगंबर शेजारी राहायला आला तर आपली काय गत होईल?

याला जोडूनच भाकरीची गोष्ट. चारही शुभवर्तमानांत येणारा, पुनरुत्थान सोडलं तर, हा एकच चमत्कार. मराठी बायबलात भाकरीच आहेत, पाच भाकरी आणि दोन मासे. योहान सांगतो त्या जवाच्या होत्या, म्हणजे गरिबाच्या, आणि एका पोराच्या होत्या. पाच हजार पुरुष, बायका-मुलं वेगळी. शिष्यांचा सल्ला व्यवहारी आहे : यांना पाठवून द्या, गावात जाऊन आपलं आपण विकत घेतील. येशू म्हणतात, तुम्हीच त्यांना खायला द्या. फिलिप हिशोब मांडतो, दोनशे दिनारांचं अन्नही पुरणार नाही. दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. फिलिपचा हिशोब चुकीचा नव्हता.

आजकाल काही जण सांगतात की लोकांनी पदरात लपवलेल्या भाकरी बाहेर काढल्या, तोच चमत्कार. गोड कल्पना आहे, मलाही एकेकाळी आवडायची. पण पुस्तकात तसं लिहिलेलं नाही. आपल्याला सोयीचं म्हणून दुसऱ्याच्या ग्रंथात वाक्यं घालायची नाहीत. आपल्या ग्रंथात कुणी घातली तर चालेल का? लिहिलंय ते एवढं : सल्ला ‘पाठवून द्या’ असा होता आणि उत्तर ‘बसवा’ असं आलं.

आपल्याकडे माइदा म्हणजे दस्तरखान. हवारी ईसांना विचारतात, तुझा रब आकाशातून दस्तरखान उतरवू शकेल का? ईसांचं पहिलं उत्तर खूश होणाऱ्याचं नाही. ते म्हणतात, ईमानवाले असाल तर अल्लाहला भ्या. नंतर ते दुवा मागतात, अल्लाह कबूल करतो, पण त्यानंतर कोणी नाकारलं तर कडक शिक्षेची ताकीदही देतो. तो उतरला का? बहुतेकांचं मत, उतरला. तबरीनं तेच धरलं. पण मुजाहिद आणि हसन बसरी या फार जुन्या दोन बुजुर्गांच्या नावावर मत नोंदलं आहे की ताकीद ऐकून हवारींनी मागणी मागे घेतली आणि दस्तरखान उतरलाच नाही. तबरीनं स्वतःला न पटलेलं मतही इमानदारीनं लिहून ठेवलं. आपल्याला आज व्हाट्सअपवर एवढं जमत नाही.

चमत्काराची मागणी ईसांना आवडत नाही हे दोन्हीकडे दिसतं. मार्कच्या आठव्या अध्यायात लोक खूण मागतात तेव्हा ते मोठा उसासा टाकतात आणि नाही म्हणतात. सूरह बनी इस्राईलमध्ये मक्केचे लोक रसूलुल्लाहना म्हणतात जमिनीतून झरा काढ, सोन्याचं घर दाखव, आकाशात चढ. उत्तर येतं की मी एक माणूस, संदेश घेऊन आलेला, याशिवाय काय आहे?

शेवटची गोष्ट योहानाच्या नवव्या अध्यायातली. जन्मांध माणूस. कुरआनातही ‘अक्मह’ शब्द आहे, म्हणजे जन्मापासून आंधळा. शिष्य त्याला बघून पहिला प्रश्न काय विचारतात? गुरुजी, पाप कुणाचं, याचं की याच्या आईबापांचं? कळवळा नाही, नाव नाही, प्रश्न पापाचा. दुधावर मासे कुणी खाल्ले?

येशूचं उत्तर, दोघांचंही नाही. मग माती कालवून त्याच्या डोळ्यांना लावतात, शिलोह तलावावर धुवायला पाठवतात आणि तो डोळस होऊन येतो. हे सगळं दोन ओव्यांत उरकतं. अध्याय एक्केचाळीस ओव्यांचा आहे. बाकीच्या बहुतेक चौकशीच्या आहेत. शेजारी म्हणतात, हा तोच का? धर्माचे जाणकार म्हणतात, शब्बाथला माती कालवली म्हणजे हा अल्लाहचा माणूस नव्हे. त्याच्या आईबापांना बोलावतात. ते म्हणतात, मुलगा आमचा, जन्मतः आंधळा होता, पुढचं आम्हाला विचारू नका, तो मोठा आहे, त्यालाच विचारा. योहान कारणही देतो : सभास्थानातून बाहेर काढतील म्हणून ते घाबरले होते.

बहिष्कार. या आईबापांना मी दोष देऊ शकत नाही. जमातीनं बोलावलं की आपले अब्बा-अम्मी कसे बोलतात ते तुम्ही पाहिलं असेल. लग्नाला कोण येणार, मयतीला खांदा कोण देणार, हे सगळं एका क्षणात डोक्यात येतं. महाराष्ट्राच्या विधिमंडळानं २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा मंजूर केला, तो सगळ्या जातींतल्या, सगळ्या धर्मांतल्या पंचायतींसाठी आहे. तरी भीती तशीच आहे.

आणि इथं एक सावधगिरी. योहान विरोधकांना सरसकट ‘यहुदी’ म्हणतो. त्या शब्दावरून युरोपात शेकडो वर्षं यहुद्यांना मारलं गेलं. पण या गोष्टीत येशू यहुदी आहेत, शिष्य यहुदी आहेत, आंधळा आणि त्याचे आईबापही यहुदी. हे घरातलं भांडण आहे. कुठल्याही समाजाच्या आतलं भांडण दुसऱ्याविरुद्धचा पुरावा म्हणून वापरता येतं, आपल्या बाबतीत रोज वापरलं जातं, म्हणून आपण तरी ते करू नये.

तो माणूस मात्र भारी आहे. त्याला धर्मशास्त्र येत नाही. तो म्हणतो, तो पापी आहे की नाही मला माहीत नाही, एवढं माहीत आहे की मी आंधळा होतो आणि आता बघतो. पुन्हा पुन्हा विचारतात तेव्हा तो चिडून म्हणतो, किती वेळा ऐकायचंय, तुम्हालाही त्याचे शिष्य व्हायचंय का? त्याला हाकलतात. हाकलल्याचं कळल्यावर येशू त्याला शोधत येतात. मला वाटतं या अध्यायातली मोठी खूण ही दुसरी भेट आहे, डोळे नव्हेत, पण इथं माझं ख्रिस्ती मित्रांशी जमत नाही.

खालाचं लग्न झालं नाही. डाग आता कोपरापर्यंत आहेत. ती गल्लीतल्या बायकांचे ब्लाउज शिवते, त्यात त्या चहा न घेणाऱ्या बाईच्या दोन सुनाही आहेत, आणि मापं घेताना ती हातमोजे घालत नाही. पूर्वी घालायची.

आता चहा आहे. चहानंतर चार गट करा. दोन गटांनी योहानाचा नववा अध्याय घ्यायचा, फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या ‘सुबोध बायबल’च्या प्रती मागच्या टेबलावर ठेवल्या आहेत. दोन गटांनी आलि इम्रानची ४९ वी आणि माइदाची ११० ते ११५, मराठी तर्जुम्यासह. प्रत्येक गटानं एकच शोधायचं : गोष्टीत कोण कुठे उभं आहे, आत की बाहेर, आणि शेवटी जागा कुणाची बदलली. अर्ध्या तासानं इथंच भेटू.